दिंडीच्या गाडीत आणि मळ्याच्या खोपीत वायफायचा पल्ला कसा वाढवावा?



ज्येष्ठ महिना लागला की आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात दोन कामे एकदमच अंगावर येतात. इकडे कपाशीची लागवड, मक्याची पेरणी आणि केळीच्या मृगबागेची तयारी चाललेली असते. तिकडे कोथळीच्या जुन्या मंदिरातून आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत ही वाट सुमारे महिनाभर चालते. २०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला होती, म्हणजे पेरणीचा ऐन हंगाम वारकऱ्यांनी वाटेवरच काढला.

वारीला जातो तो बहुधा घरातला वडीलधारा माणूस. सातबारा त्याच्या नावावर, बँकेचे खाते त्याच्या नावावर आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबरही त्याच्याच खिशात. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. त्याची नोंदणी असो, पीएम किसानची ई-केवायसी असो की अनुदानाचा अर्ज असो, ओटीपी येतो तो आबांच्या फोनवर, आणि आबा असतात राजूर घाटात. घरी सून संगणक केंद्रावर ताटकळत बसते आणि फोन लागत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वेगवान वाऱ्याने किंवा गारपिटीने केळीची बाग आडवी झाली आणि आपल्या विम्यात त्याचे संरक्षण असेल, तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. तीन दिवस सिग्नल शोधण्यात गेले तर वर्षाचे पीक आणि भरपाई दोन्ही हातची जातात.

म्हणून या आठवड्यात आपण एक वेगळा विषय घेऊ. दिंडीची गाडी हे महिनाभराचे फिरते घरच असते. परदेशात काही कुटुंबे व्हॅनमध्येच बिऱ्हाड करून फिरतात. त्यांनाही हीच अडचण येते आणि तिच्यावरचे उपायही हेच आहेत. केळीची गाडी घेऊन दिल्लीकडे जाणाऱ्या आपल्या मुलांना आणि मळ्यातल्या खोपीत राखणीला राहणाऱ्यांनाही ते उपयोगी पडतील.

आधी दोन सिग्नल वेगळे ओळखा

फोनवर दिसणाऱ्या काड्या मोबाईलच्या टॉवरच्या असतात. पंख्यासारखी खूण असते ती वायफायची. टॉवरचा पल्ला काही किलोमीटर असतो. वायफाय म्हणजे ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा घरात ठेवलेल्या राउटरपासून निघणारा सिग्नल. मोकळ्या जागी तो शंभर मीटरच्या आसपास पोहोचतो, भिंती आड आल्या की त्याहून बराच कमी.

ओटीपी हा साध्या संदेशाने येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. एक काडी असली तरी तो येऊ शकतो. तसेच पीक विम्याच्या मदत क्रमांकावर, म्हणजे १४४४७ वर, बोलायला इंटरनेट लागत नाही. नुकसान झाले आणि इंटरनेट चालत नसेल तर आधी हा फोन करावा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि फोटो व अर्ज सिग्नल मिळताच पाठवावेत. शेताचे अक्षांश-रेखांश घेण्यासही इंटरनेटची गरज नसते, ते फोनला उपग्रहावरून मिळतात. माहिती पाठवताना मात्र इंटरनेट लागते.

सिग्नल वाटेत कुठे मुरतो

रात्री अंगणात कंदील लावला तर जवळ लख्ख दिसते आणि दहा पावले दूर गेले की अंधुक होते. वायफायचे तसेच आहे. अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाई उरते, तिप्पट झाले की नववा हिस्सा. अंतराशिवाय चार गोष्टी सिग्नल खातात.

पहिली, लोखंड व पत्रा. गाडीची बंद लोखंडी बॉडी म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने पेटीच. त्यातून जो काही सिग्नल येतो तो बहुतेक काचेतून आणि फटीतून. ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद मात्र त्याला फारसा अडवत नाही.

दुसरी, पाणी. वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. केळीचे पान आणि खोड म्हणजे पाण्याचा साठाच. म्हणून भरलेल्या केळीबागेत पन्नास पावलांवरही सिग्नल तुटतो, आणि तोच राउटर उन्हाळ्यात मोकळ्या वावरात दुप्पट लांब चालतो. पाऊस पडल्याने वायफाय बंद पडते असे पुष्कळांना वाटते. हवेतल्या थेंबांनी फारसे बिघडत नाही, भिजलेल्या पानांनी बिघडते.

तिसरी, माणसे. माणसाच्या शरीरातही पाणीच आहे. शंभर वारकरी बसलेल्या मंडपात राउटर खाली ठेवला तर शेवटच्या रांगेला काही मिळत नाही. तोच खांबाला डोक्याच्या वर टांगला तर मिळते.

चौथी, जमिनीचा उंचवटा. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाकाठी उभे राहा, पाण्यावरून नजर दूरवर मोकळी जाते. सिग्नलही तसाच जातो. घाटात वळणाआड गेलो की नजरही अडते आणि सिग्नलही.

पैसे न खर्चता करायचे उपाय

१. मुक्कामाला गाडी लावताना ग्रामपंचायत किंवा शाळेचा राउटर कोणत्या बाजूला आहे ते विचारावे. गाडीची काच किंवा ताडपत्रीची उघडी बाजू तिकडे करावी. पत्र्याची बाजू तिकडे आली तर निम्मा खेळ तिथेच संपतो. दुसऱ्या गाडीच्या आड उभे राहू नये.

२. फोन खालच्या फळीवर किंवा शिध्याच्या डब्यांत ठेवू नये. काचेजवळ, जितका उंच ठेवता येईल तितका ठेवावा.

३. फोन एका जागी चालत नसेल तर वीतभर इकडे-तिकडे सरकवून पाहावा. वायफायच्या एका लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते. पत्र्यावर आपटून परतलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात आणि वीतभर पलीकडे एकमेकींना जोर देतात.

४. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पाच वेगवान आहे पण लांब जात नाही, भिंतीतूनही कमी जातो. लांबून पकडायचे असेल तर २.४ चे नाव निवडावे. मोबाईलच्या टॉवरबाबतही सीमेवरच्या जागी फोन ५जी आणि ४जी यांच्यात हेलकावे खात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ४जी ठरवून टाकावे. बॅटरीही वाचते.

५. सर्वांत उपयोगी युक्ती अशी. दिंडीत ज्याच्या फोनला त्या गावी टॉवरचा सिग्नल चांगला आहे, त्याने फोनचा हॉटस्पॉट चालू करावा आणि तो फोन गाडीच्या टपावरच्या दांड्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगावा. खाली बसलेल्यांनी आपले फोन त्याला जोडावेत. टॉवरचा सिग्नल वर चांगला मिळतो आणि वरून खाली दहा-बारा फूट वायफाय सहज पोहोचते. फोन उन्हात मात्र टांगू नये, तापून बंद पडतो. हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवावा, नाहीतर सारा तळ त्याच्यावर सिनेमे पाहील.

६. काड्या मोजण्यापेक्षा आकडा पाहावा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या शेवटी फोनची माहिती असते, तिच्यातल्या सिम स्टेटसमध्ये टॉवरच्या सिग्नलचा आकडा दिसतो. वायफायचा आकडा दाखवणारी मोफत ॲपही मिळतात. आकडा उणे असतो, म्हणून उणे ६० हा उणे ८० पेक्षा चांगला. तीन आकड्यांचा फरक म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, दहाचा फरक म्हणजे दहापट. वायफाय उणे ६५ पर्यंत उत्तम चालते, उणे ७५ ला रखडते आणि उणे ८० च्या खाली तुटू लागते. टॉवरचा ४जी सिग्नल मात्र उणे १०० च्या आसपासही काम देतो. गाडी लावण्यापूर्वी दोन-तीन जागी आकडा पाहिला तर अंदाजाने भटकावे लागत नाही.

कधी कधी काड्या पूर्ण दिसतात आणि तरी काही उघडत नाही. याचे कारण असे, की राउटरचा आवाज मोठा आणि फोनचा लहान असतो. राउटर बोलतो ते फोनला ऐकू येते, पण फोनचे उत्तर राउटरपर्यंत जात नाही. अशा वेळी थोडे जवळ जाणे किंवा पुढे सांगितलेली अँटेना लावणे हाच उपाय.

थोडा खर्च करायचा असेल तर

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. पुढे गावोगावी टीव्ही आले, तेव्हा ‘आमची माती, आमची माणसं’ दिसावे म्हणून घरातले एक माणूस माळवदावर चढून अँटेना फिरवायचे आणि दुसरे खालून “आलं, आलं, थांब!” म्हणून ओरडायचे. ती काड्याकाड्यांची अँटेना जपानमधल्या उडा आणि यागी या दोन शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे आणली. वायफायसाठीही तशीच अँटेना मिळते, फक्त लहान. हल्ली ती चपट्या पाटीच्या रूपातही असते. ती शक्ती निर्माण करत नाही. कंदिलामागे आरसा धरावा तशी चहूकडे सांडणारी शक्ती एका दिशेला वळवते, आणि त्याच दिशेकडून येणारा सिग्नलही जास्त गोळा करते. १४ डेसिबलची पाटी त्या दिशेला सुमारे पंचवीस पट काम देते. पण ती दिशेवर असली पाहिजे. दुसरीकडे वळली तर साध्या फोनपेक्षाही वाईट.

दिंडीसाठी किंवा ट्रकसाठी घ्यायचे असेल तर उघड्यावर लावायचा, पावसात चालणारा छोटा राउटर घ्यावा, ज्याच्या अंगातच अशी पाटी बसवलेली असते. तो दूरचे वायफाय पकडतो, आणि त्यातून आलेली तार गाडीतल्या साध्या राउटरला जोडली की आतल्या सर्व फोनना इंटरनेट मिळते. टॉवरचा सिग्नल घेणारा, सिम घालायचा राउटरही मिळतो. वारीच्या वाटेवर दर मुक्कामी वायफाय असेलच असे नाही, म्हणून हा दुसरा प्रकार अधिक उपयोगी. सिम घेताना मुक्कामाच्या गावांत कोणत्या कंपनीचा सिग्नल चांगला आहे हे मागच्या वर्षी जाऊन आलेल्यांना विचारावे.

खरेदी करताना एक गोष्ट विसरू नये. अँटेना वर आणि राउटर खाली ठेवून मध्ये लांब पातळ वायर टाकली, तर तीन मीटरमध्ये सुमारे निम्मी शक्ती वायरीतच मुरते. म्हणून रेडिओचा भाग अँटेनाला चिकटूनच असावा. खाली येणारी तार इंटरनेटची किंवा यूएसबीची असावी, तीत असे नुकसान होत नाही.

विजेचेही पाहावे. साधा राउटर १२ व्होल्टवर चालतो आणि सुमारे १० वॅट खातो. जीप, पिकअप यांची बॅटरी १२ व्होल्टची असते, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची. राउटर २४ ला थेट जोडला तर जळतो. मध्ये १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर आणि फ्यूज हवा. गाडी बंद असताना रात्रभर चालवायचे असेल तर वेगळी बॅटरी ठेवावी, नाहीतर सकाळी गाडीला धक्का मारण्याची पाळी येते. १०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी निम्मी वापरली तरी असा राउटर दोन दिवस चालतो.

मळ्यातल्या खोपीसाठी

गावात किंवा वस्तीवर घरी इंटरनेट आहे आणि मळा अर्धा-एक किलोमीटरवर आहे, अशी पुष्कळांची स्थिती आहे. तिथे दोन पाट्या लागतात, एक घराच्या छतावर आणि एक खोपीवर, समोरासमोर तोंड करून. मध्ये नजर मोकळी असली पाहिजे. आणि नुसती नजर मोकळी असून भागत नाही. लहर सुतासारखी सरळ जात नाही, मध्यावर फुगत जाते. एक किलोमीटरच्या अंतरात मध्यभागी तिचा फुगवटा सरळ रेषेच्या वर-खाली साडेपाच मीटर असतो. त्यातला निम्म्याहून जास्त भाग मोकळा हवा. म्हणजे बागेच्या शेंड्यांपासून दहा-बारा फूट वरून रेषा गेली पाहिजे. तीनशे मीटर अंतर असेल तर सहा फूट पुरतात. लागवडीच्या वेळी केळी गुडघ्याएवढी असते तेव्हा सारे छान चालते आणि बाग वर आली की बंद पडते, म्हणून खांबाची उंची वाढलेल्या बागेच्या हिशेबाने ठरवावी.

नजर मोकळी मिळाली तर हा सिग्नल किती जातो याचे उदाहरण पाहा. २००७ साली व्हेनेझुएला देशात दोन डोंगरमाथ्यांमध्ये वायफायने ३८२ किलोमीटरची जोडणी झाली. मुक्ताईनगर ते मुंबई हवाई अंतर जवळपास तेवढेच आहे. आपल्या देशात तमिळनाडूच्या थेनी भागात, जिथे आपल्यासारखीच केळी पिकते, अरविंद नेत्र रुग्णालयाने लांब पल्ल्याच्या वायफायने खेड्यांतली तपासणी केंद्रे जोडली. खेड्यातली म्हातारी तिथेच बसून शहरातल्या डॉक्टरला डोळे दाखवू लागली.

घरापासून शंभर-दीडशे पावलांवर गोठा किंवा शेड असेल तर पाट्यांची गरज नाही, रिपीटर पुरतो. पण तो सिग्नल संपतो तिथे न लावता अर्ध्या वाटेवर लावावा. त्याला जे ऐकू येईल तेच तो पुढे सांगणार. साध्या रिपीटरने वेग निम्मा होतो, तरी भाव पाहायला आणि फोटो पाठवायला तो पुरतो.

जे करू नये

बाजारात मोबाईल टॉवरचा सिग्नल वाढवणारे बूस्टर विकायला येतात. परवानगीशिवाय ते लावणे बेकायदेशीर आहे. त्याने आपल्या काड्या वाढतात पण टॉवरमध्ये गोंगाट होऊन गावाचे फोन तुटतात. वायफायला परवाना लागत नाही, मात्र २.४ च्या पट्ट्यात अँटेनासह एकूण ४ वॅटची मर्यादा आहे. जास्त शक्तीच्या परदेशी यंत्राच्या मागे लागू नये.

अँटेनाचा लोखंडी पाइप उभारताना वर विजेची तार आहे का ते पाहावे. पाइपच्या उंचीइतके तरी अंतर तारेपासून सोडावे आणि शेजारी तार असेल तर ती जागाच सोडावी. हातात वीस फुटी पाइप आणि वर अकरा हजारांची लाइन, यात दुसरी संधी मिळत नाही. आभाळ गडगडू लागले की गाडीवरचा दांडा उतरवावा, तार काढावी आणि खांबाजवळ उभे राहू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. ते फोनमध्ये ठेवावे.

मुक्कामाच्या गावी कोणाचे वायफाय वापरायचे ते विचारून वापरावे. रेल्वेच्या पुष्कळ स्थानकांवर रोज पहिला अर्धा तास मोफत वायफाय मिळते, ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेटची तार गेली आहे, आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेतून काही दुकानांतही स्वस्त वायफाय मिळते. अनोळखी वायफायवर भाव पाहावा, हवामान पाहावे, पण बँकेचा व्यवहार करू नये. ओटीपी घरच्या माणसालाच सांगावा, तोही त्याने फोन करून आवाज ओळखू आल्यावर. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

निघण्यापूर्वी घरी करायचे

सर्वांत चांगला सिग्नल आपल्या घरात असतो, म्हणून ज्याला आबांचा ओटीपी लागतो ते प्रस्थानापूर्वी उरकावे. ई-केवायसी, ओळख क्रमांक, बँकेतले काम, सारे. विम्याची पावती, सातबारा आणि पासबुकाचे फोटो घरच्या दोन फोनमध्ये ठेवावेत. वाटेवर रोज एक वेळ ठरवावी, समजा रात्री हरिपाठानंतर आठ वाजता. त्या वेळी आबांनी फोन उंच, मोकळ्या जागी नेऊन चालू ठेवावा. घरच्यांनी त्याच वेळी काम काढावे. दिवसभर सिग्नल शोधत फिरणारा फोन संध्याकाळपर्यंत बॅटरी संपवून बसतो, म्हणून चालताना तो विमान मोडवर ठेवला तरी चालेल.

आणि बागेचे काम पाहणाऱ्या माउलीला १४४४७ हा क्रमांक, विम्याचा अर्ज क्रमांक आणि गट नंबर भिंतीवर खडूने लिहून द्यावा. वारा सुटेल तेव्हा तुम्ही वाटेत असाल, सिग्नल असेल किंवा नसेल. घर मात्र ७२ तासांत आपले काम करून मोकळे होईल आणि तुमची पावले पंढरीकडे निश्चिंत पडतील.

रामकृष्ण हरी.